सफरचंदाची लाल बाजू

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पेपरात एका पालकांचं पत्र आलं होतं. परीकथांच्या नावाखाली हल्ली मुलांच्या पुस्तकांत रक्त, कापाकापी, विष असलं काय काय येतंय आणि शाळांनी ही "डार्क" पुस्तकं लायब्ररीतून काढून टाकावीत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच आठवड्यात माझ्या लेकीच्या शाळेत अगदी हेच झालं म्हणून लिहायला बसलेय. पत्र लांबणार आहे. कापावं लागलं तर कापा, पण सावत्र आईबद्दलचं तेवढं ठेवा, कारण मी स्वतः सावत्र आई आहे आणि ह्या विषयावर आम्हाला कधी कोणी विचारत नाही.

झालं असं की वर्गाच्या पालक ग्रुपवर एका आईने पुस्तकातल्या एका पानाचा फोटो टाकला. सिंड्रेलाची बहीण बूट पायात जावा म्हणून सुरीने टाच कापते, त्या पानाचा. खाली लिहिलेलं, आपण पोरांना हे वाचायला देतो का? संध्याकाळपर्यंत मेसेजवर मेसेज, दुसऱ्या दिवशी लायब्ररीतून सहा पुस्तकं उचलली आणि ऑफिसच्या कपाटात गेली. त्यातलं एक माझ्या लेकीने अर्धं वाचलेलं होतं. ती घरी येऊन रडली नाही, चिडली. दप्तर कॉटवर टाकलं आणि म्हणाली, मावशी, पुढं काय होतं ते मला कोण सांगणार आता?

ती मला मावशी म्हणते. तिची आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती, मी घरात आले तेव्हा पाच. पहिल्या दिवसापासून मावशीच म्हणते, आता सहावीत आहे, अजून तेच. मला ते आवडतं.

आता सफरचंदाचं सांगते, कारण हे सगळं तिथनंच सुरू झालं. माझ्या लग्नाला चार-पाच महिने झाले असतील. कोणीतरी वाढदिवसाला तिला हिमगौरीचं पातळ, गुळगुळीत कागदाचं पुस्तक दिलेलं, सोळा पानांचं. रक्तबिक्त काही नाही त्यात, सगळं गुलाबी-निळं, शेवटी राजपुत्र आणि घोडा. रोज रात्री तेच वाच म्हणायची. त्या सोळा पानांत "दुष्ट सावत्र आई" हे शब्द अकरा वेळा आहेत, मी मोजलेत, कारण वाचताना दर वेळी ती मान वर करून माझ्याकडे बघायची. काही बोलायची नाही, नुसती बघायची. मी वाचत राहायची. करणार काय, तिचं आवडतं पुस्तक होतं.

तर एका दुपारी मी ओट्यापाशी सफरचंद चिरत होते. बाजारातलं साधंच, एका अंगाला लाल आणि दुसऱ्या अंगाला पिवळट हिरवं. दोन अर्ध्या करून एक तिच्यापुढे धरली. तिने घेतली नाही. हात मागे बांधून उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "लाल बाजू तू खा."

त्या गोष्टीत तसंच आहे हो. राणी सफरचंदाची पांढरी बाजू स्वतः खाते आणि विषारी लाल बाजू हिमगौरीला देते. पाच वर्षांच्या पोरीने पक्कं लक्षात ठेवलेलं.

मी लाल अर्धी खाल्ली. सालासकट, तिच्यासमोर, तिथंच उभी राहून. ती माझ्या गळ्याकडे बघत होती, घास खाली उतरतो का ते. मग थोडा वेळ थांबली आणि तिची अर्धी उचलली. त्यानंतर कितीतरी महिने आमच्या घरात कुठल्याही फळाची पहिली फोड मी खायची असा नियमच होऊन गेला, सासूबाईंना वाटायचं मी लाड करतेय, मी त्यांना कधी कारण सांगितलं नाही.

म्हणून मला त्या पत्रलेखक पालकांना विचारायचंय की भीती कुठल्या पुस्तकाने घातली? टाच कापणाऱ्या पुस्तकाने नाही, ह्या सोळा पानी गोड पुस्तकाने घातली. आणि ते पुस्तक आजही प्रत्येक प्रदर्शनात मिळतं, त्याचा फोटो कोणी ग्रुपवर टाकत नाही.

आता ती "डार्क" पुस्तकं. माझी लेक गेल्या दिवाळीपासून ही वाचतेय, म्हणजे जुन्या परीकथा नव्याने सांगितलेल्या, अंधार न काढता. एका रात्री अकरा वाजता पुस्तक घेऊन माझ्या खोलीत आली. तिचे पप्पा झोपलेले. कॉटच्या कडेवर बसली, बोट पानात तसंच ठेवलेलं, आणि कुजबुजत म्हणाली, "मावशी ऐक ना, पहिल्या आवृत्तीत ती सख्खी आई होती."

मला आधी कळेचना. मग तिने पुस्तकामागची नोंद वाचून दाखवली. जर्मनीत याकोब आणि विल्हेल्म ह्या ग्रिम बंधूंनी १८१२ साली गोष्टींचा पहिला खंड काढला, ८६ गोष्टींचा. त्यात हिमगौरीला मारायला निघालेली राणी ही तिची जन्मदातीच आहे. बर्फासारखी गोरी, रक्तासारखी लाल, लाकडासारख्या काळ्या केसांची मुलगी होऊ दे म्हणून जिने मागणं मागितलं तीच, मुलगी सात वर्षांची झाल्यावर तिच्या रूपावर जळते आणि शिकाऱ्याला पाठवते. १८१९ साली दुसरी आवृत्ती आली आणि त्यात सख्ख्या आईला बाळंतपणात मारून टाकलं आणि सावत्र आई आणली. हॅन्सेल आणि ग्रेटेल ह्या भावंडांच्या गोष्टीचंही तसंच. पहिल्या आवृत्तीत दुष्काळात पोरांना रानात सोडून येऊ असं नवऱ्याला सांगणारी बाई त्यांची आईच आहे, १८४० च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली.

लेकीने विचारलं, "बदललं कशाला पण?" मी म्हटलं, बहुतेक लोकांना आईबद्दल असलं वाचवत नसेल. ती म्हणाली, "आणि सावत्र आईबद्दल वाचवतं?"

मी काही उत्तर दिलं नाही. काय देणार. संशोधकही साधारण हेच सांगतात की ग्रिम बंधूंना आईपण हे पवित्र वाटायचं, त्यात पुस्तक पोरांच्या हातात जायला लागलं, लोक नावं ठेवायला लागले, मग त्यांनी आईला वाचवलं. आईला वाचवायचं तर पाप कुणाच्या तरी पदरात घालायला पाहिजे ना, ते आमच्या पदरात घातलं. त्या काळात बाळंतपणात बायका मरायच्या, घरोघरी दुसरी बायको यायची, म्हणजे ह्या गोष्टी ऐकत बसलेल्या कितीतरी पोरांच्या घरात खरोखरची सावत्र आई चुलीपाशी काम करत असणार. ती पण ऐकत असेल. माझ्या डोक्यातनं ती बाई जात नाही.

आणि काय काढलं, काय ठेवलं, हे बघा म्हणजे आपण "मुलांसाठी स्वच्छ" म्हणतो त्याचा अर्थ लागतो. पहिल्या आवृत्तीत मनोऱ्यात कोंडलेली रापुन्झेल भाबडेपणाने विचारते की माझे कपडे एवढे घट्ट का व्हायला लागले, म्हणजे तिला दिवस गेलेत. ते काढलं. पण रक्त नाही काढलं, उलट वाढवलं. सिंड्रेलाच्या बहिणींचे डोळे कबुतरं टोचून काढतात, हा शेवट १८१२ मध्ये नव्हताच, तो १८१९ मध्ये घातला. त्याच्याआधी सव्वाशे वर्षं, १६९७ साली, फ्रान्समध्ये शार्ल पेरॉ नावाच्या लेखकाने हीच गोष्ट लिहिली तेव्हा सिंड्रेला बहिणींना माफ करून राजवाड्यात नेते आणि त्यांची लग्नं लावून देते. पण त्याच पेरॉच्या लाल टोपीवालीला लांडगा खातो आणि गोष्ट तिथंच संपते, शिकारी येत नाही, पोट फाडत नाही, पोरगी गेली ती गेली. सोडवणारा शिकारी आपल्याला ग्रिम बंधूंकडून मिळालाय. म्हणजे पूर्वी सगळं भयंकर होतं आणि मग हळूहळू गोड झालं, असं सरळ नाहीये ते. जो तो आपल्या काळाला जे झेपेना ते काढत गेला आणि जे चालतंय ते ठेवत गेला. आपणही तेच करतोय, फक्त आपण काय ठेवतोय त्याच्याकडे आपलं लक्ष नाही.

१८१२ च्या पुस्तकात एक फार वाईट गोष्ट होती, मुलं खाटिक-खाटिक खेळतात आणि खेळता खेळता एक जण खरंच मारला जातो. ग्रिम बंधूंचा मित्र आखिम फॉन आर्निम ह्याने तेव्हाच तक्रार केली की हे पुस्तक आया पोरांच्या हातात कसं देणार. विल्हेल्मने त्याला कळवलं की ही गोष्ट लहानपणी माझ्या आईनेच मला सांगितलेली आणि त्यामुळे मी खेळताना जपून वागायला लागलो. तरी पुढच्या आवृत्तीत ती गोष्ट त्यांनी काढली. मला वाटतं आर्निमचंही बरोबर होतं. ती गोष्ट मी पण कुठल्या पोराला सांगणार नाही. म्हणजे माझं म्हणणं असं नाहीये की जुनं आहे म्हणून सगळं द्या. पालकांना भीती वाटते ती खोटी नाही, माझ्या हातनंही चूक झालेली आहे.

आमच्या बिल्डिंगमध्ये रविवारी संध्याकाळी मी सात-आठ पोरं गोळा करून गोष्टी सांगते. एकदा अँडरसन ह्या डॅनिश लेखकाची आगपेट्या विकणाऱ्या मुलीची गोष्ट सांगितली, वर्षाच्या शेवटच्या रात्री थंडीत काड्या पेटवत बसते आणि सकाळी गोठून मेलेली सापडते ती. १८४५ सालची गोष्ट आहे, मला स्वतःला फार आवडते. रात्री दहाला खालच्या मजल्यावरून फोन, साडेसहा वर्षांचा मुलगा झोपेना. मी खाली गेले. त्याने मला एकच विचारलं, कोणी दार का नाही उघडलं? मी अर्धा तास त्याच्याजवळ बसले आणि मला कळलं की ह्या वयाच्या पोराला रक्त, लांडगा, भट्टी हे सगळं चालतं, पण दार बंद राहिलेलं चालत नाही. ग्रेटेल चेटकिणीला भट्टीत ढकलते तेव्हा हीच पोरं टाळ्या वाजवतात. आगपेटीवालीला कोणीच घरात घेत नाही, तिथं ती अडकतात. तेव्हापासून ती गोष्ट मी आठ-नऊ वर्षांच्या खालच्यांना सांगत नाही, आणि मोठ्यांना सांगितली की नंतर लगेच घरी पाठवत नाही, थोडा वेळ बसवून घेते, बोलू देते. अँडरसनच्या जलपरीचंही तेच. जीभ कापून देते, पाऊल टाकलं की सुऱ्यांवर चालल्यासारखं दुखतं, आणि एवढं करून राजपुत्र दुसरीशीच लग्न करतो. माझ्या लेकीने ती अकराव्या वर्षी वाचली आणि दोन दिवस त्या राजपुत्रावर चिडून होती. ते वय बरोबर होतं.

आपल्याकडे हे असलं काही नव्हतं, हे सगळं परदेशी खूळ, असंही त्या पत्रात होतं. ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. श्रावणातल्या कहाण्या ऐकल्या नाहीत का तुम्ही? शुक्रवारची जिवतीची कहाणी काय आहे? राणीला मूल नाही म्हणून सुईण गरीब बाळंतिणीचे डोळे बांधते, तिचं पोर पळवून राणीकडे पोचवते आणि हिच्यापुढे वरवंटा ठेवते, म्हणते तुला हेच झालं. ती बाई वर्षानुवर्षं श्रावणातल्या शुक्रवारी तांदूळ उडवते, म्हणते, जिवतीमाते, जिथं माझं बाळ असेल तिथं खुशाल असो. आणि पिठोरीची? दर वर्षी आजेसासऱ्याच्या श्राद्धाच्या दिवशी सून बाळंत व्हायची आणि मूल दगावायचं, शेवटी सासरा मेलेलं पोर तिच्या ओटीत घालून तिला रानात हाकलून देतो. ह्या कहाण्या आम्ही पाच-सहा वर्षांच्या असताना आजीच्या मांडीला मांडी लावून ऐकल्यात, हातात तांदळाचे दाणे घेऊन. कोणी आम्हाला बाहेर खेळायला जा म्हणालं नाही. मला अजून आठवतं, वरवंट्याच्या जागी आमच्या घरातलाच वरवंटा डोळ्यापुढे यायचा, कडेला टवका उडालेला.

पण त्या कहाण्या पोरांना झेपतात कशा ते बघा. आटपाट नगर होतं म्हटलं की पोराला कळतं आपण आत चाललो, आणि साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण म्हटलं की कळतं बाहेर आलो. मधे काहीही होवो. पिठोरीच्या सुनेची सातही मुलं जिवंत होऊन तिच्याबरोबर घरी येतात. जिवतीच्या कहाणीत तो मुलगा मोठा होऊन राजा होतो आणि आई समोर आल्यावर तिला पान्हा फुटतो तेव्हा त्याला कळतं ही कोण. आणि सांगणारी आजी तिथंच बसलेली असते, तिचा हात पाठीवर असतो.

माझी स्वतःची आजी आटपाडीकडची, सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातली. मी नववीत असताना शाळेतनं आणलेल्या पुस्तकातली हॅन्सेल-ग्रेटेलची गोष्ट तिला वाचून दाखवली होती, लाकूडतोड्याच्या घरात भाकरी उरली नाही, चौघांना पुरणार नाही, म्हणून आई म्हणते पोरांना रानात सोडू. त्या पुस्तकात दुष्काळाचं एकच वाक्य होतं. आजीने पुढचं ऐकून घेतलंच नाही, मला थांबवून विचारलं, "पाऊस पडला नव्हता काय?" मग १९७२ च्या दुष्काळाचं सांगायला लागली. खडी फोडायला जायची, पोटाशी एक पोर आणि बांधावर एक, सुकडी मिळायची, मिलोची, म्हणजे परदेशातनं आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी घशाखाली उतरायची नाही. ती म्हणाली, त्या बाईला चांगलं म्हणू नको पण खोटं पण म्हणू नको, रिकाम्या चुलीसमोर माणूस काय काय बोलतं. कुठं जर्मनीतली गोष्ट आणि कुठं आटपाडीची म्हातारी, पण जी बाई दुष्काळ जगलीय तिला त्या गोष्टीतली कोणती ओळ महत्त्वाची ते बरोबर कळलं. हल्लीच्या सोळा पानी पुस्तकात ती ओळच नाही. तिथं मुलं रानात आपोआप हरवतात, मग चॉकलेटचं घर. भूक काढली, तर घर खाण्यात काय राहिलं?

ह्या नव्या पुस्तकांचं मला आवडतं ते हे की त्यांनी भूक परत आणली, आईचा राग परत आणला. मोठी माणसं कधी कधी पोरांना सोडून देतात, हे पोरांना माहितीच असतं हो. वर्गात कोणाचे बाबा निघून गेलेत, कोणाला काकाकडे ठेवलंय, कोणाची आई हॉस्पिटलमधनं परत आलीच नाही. ह्या सगळ्या पोरांना आपण गुलाबी-निळं पुस्तक देतो आणि म्हणतो हे बघ किती छान.

ब्रुनो बेटलहाइम म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७६ साली परीकथांवर पुस्तक लिहिलं, त्यात त्यांचं म्हणणं असं की गोष्टीतली दुष्ट सावत्र आई मुलांच्या उपयोगाची असते, आई रागावली की पोराला तिचा राग येतो, तो राग सावत्र आईवर काढता येतो आणि चांगली आई मनात शाबूत राहते. वाचताना पटतं. पण मग मी माझ्या पोरीकडे बघते. तिची चांगली आई भिंतीवर फोटोत आहे आणि घरात आहे ती मी. तिने माझ्यावरचा राग कुठल्या आईवर काढायचा? ह्या सिद्धांतात आमच्या घराला जागाच नाही.

त्या रात्री, अकरा वाजता, लेक पुढं जे म्हणाली ते तसंच्या तसं लिहिते. ती म्हणाली, "माझी आई तशी नव्हती आणि तू पण तशी नाहीस, म्हणजे ती राणीच वाईट होती ना." एवढं बोलून जांभई दिली आणि झोपायला गेली. मला मात्र झोप आली नाही. सात वर्षं जे आम्हा दोघींच्या मधे बसलेलं होतं ते एका पुस्तकाच्या मागच्या पानावरच्या चार ओळींनी उठून गेलं. मी लाल फोडी खाऊन जेवढं केलं असेल नसेल, त्याच्यापेक्षा जास्त त्या चार ओळींनी केलं. आणि तेच पुस्तक आज ऑफिसच्या कपाटात कुलपात आहे, कारण त्यात राणीला तापलेले लोखंडी बूट घालून नाचवतात.

एक गोष्ट मात्र पालकांची शंभर टक्के खरी आहे. "डार्क" नावाखाली आता दुकानात आणि रील्सवर सगळं एकत्र करून ठेवलंय. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली पुस्तकं एका बाजूला, आणि त्याच परीकथांची नावं वापरून अठरा वर्षांवरच्यांसाठी लिहिलेल्या रोमान्स कादंबऱ्या दुसऱ्या बाजूला, दोघांची कव्हरं सारखीच, काळं कव्हर, काटे, एक लाल फूल. सातवी-आठवीच्या मुली रील बघून मागवतात, आईला वाटतं परीकथाच आहे. इथं वयोगट मोठ्या अक्षरात कव्हरवर पाहिजे, ही मागणी केली तर मी पहिली सही करेन. पण त्या रागात मुलांसाठी जीव लावून लिहिलेली पुस्तकं पण जातात, ते होऊ नये. आधी स्वतः वाचा, एक दुपार लागते. आणि जमलं तर मोठ्याने वाचून दाखवा, कारण शब्दातला लांडगा पोरगं आपल्याला झेपेल एवढाच मोठा करतं, हे माझ्या रविवारच्या पोरांकडून मी शिकलेय. एकाचा लांडगा गल्लीतल्या कुत्र्याएवढा असतो, एकीचा ट्रकएवढा. मोबाईलवर दिसतो तो लांडगा दुसऱ्याने ठरवलेला असतो, आणि तो बघताना सहसा शेजारी कोणी बसलेलं नसतं.

प्रकाशकांना माझी एक विनंती आहे. १८१२-१५ च्या पहिल्या आवृत्तीचा पूर्ण इंग्रजी अनुवाद जॅक झाइप्स ह्या अभ्यासकाने २०१४ साली केला, म्हणजे दोनशे वर्षं लागली. तसं मराठीत आम्हाला हवंय, जाडजूड नको, निवडक गोष्टी चालतील, पण कुठल्या आवृत्तीत काय बदललं त्याच्या चार-चार ओळी मागे पाहिजेत. जर्मनीतल्या कासेल शहराजवळच्या गावात राहणारी डोरोथेआ फिमान म्हणून शिंप्याची बायको होती, शहरात भाजी विकायला यायची आणि ग्रिम बंधूंना गोष्टी सांगायची. तिचं नाव आपल्या पोरांना कळू दे. त्यांना लगेच समजेल ती कशी असेल, आपल्या मंडईत बसलेली असतेच की अशी एक तरी.

आणि संपादक साहेब, तुम्हालाही एक सांगायचंय, रागावू नका. निधी कमी मिळाला, पाणी सोडलं नाही, रस्ता झाला नाही की मराठी पेपरात हेडिंग येतं "सापत्न वागणूक". तुमच्या पेपरातही येतं. माझी लेक आता पेपर वाचते. परवा तिने विचारलं, सापत्न म्हणजे काय गं? मी सांगितलं, सावत्र. ती म्हणाली, म्हणजे तुझ्यासारखी वागणूक? आणि तिला ते हेडिंग कळेचना, रस्ता केला नाही ह्यात मावशीसारखं काय आहे. कुंतीने माद्रीची दोन पोरं वाढवली, वनवासाला निघताना तिचा जीव सहदेवात अडकला होता, द्रौपदीला म्हणाली त्याच्याकडे नीट लक्ष दे. कुंती पण सावत्र आईच होती ना त्याची? ग्रिम बंधूंनी आवृत्ती बदलली तशी तुम्हीही हेडिंगची भाषा बदलू शकता, "अन्याय" हा शब्द आहे, "दुजाभाव" आहे.

शेवटची मागणी, रविवारच्या पुरवणीतल्या मुलांच्या पानासाठी. महिन्यातनं एकदा तरी एक जुनी गोष्ट पूर्ण छापा, भुकेसकट, भीतीसकट, आणि वर वयोगट लिहा. जागा पुरत नसेल तर दोन रविवारी छापा, चालेल. फक्त एक करा, चेटकीण भट्टी पेटवते तिथं पहिला भाग तोडू नका. तोडावाच लागला तर खाली एक ओळ टाका की पुढच्या रविवारी ग्रेटेल भावाला घेऊन घरी येते. खालच्या मजल्यावरचा तो मुलगा आता वाचायला शिकलाय, आणि मधे सात रात्री असतात.

आपली,
एक सावत्र आई,
मिरज